दोघांच्या तिकिटावर एकटी

घाटंजीत गावंडे कृषी केंद्र होतं, त्याच्या मागं गावंड्यांचं घर आणि त्या घराला लागून आमचं. मी कन्याशाळेत शिकवायची, त्यामुळं गल्लीतले सगळे अर्ज आणि फॉर्म माझ्याकडं यायचे. श्रीकृष्ण गावंडे आणि कुंदाताई यांच्या पासपोर्टचे फॉर्मही मीच भरले. ते दिवाळीनंतरचे दिवस होते, साल दोन हजार सात. फोटो काढायला दोघं यवतमाळला गेले होते. फोटोत कुंदाताई अशा दिसत होत्या, की कुणीतरी त्यांना अचानक हाक मारली आहे आणि का ते अजून कळलेलं नाही.

झालं होतं असं. एका बियाणं कंपनीनं ठरवलं होतं, की कपाशीच्या सगळ्यात जास्त पिशव्या विकणाऱ्या दुकानदारांना जोडीनं तुर्कस्तानात न्यायचं. समुद्रकाठचं मोठं हॉटेल, पाच दिवसांचा मुक्काम. श्रीकृष्णभाऊंचं नाव त्या यादीत आलं. ती कापसाची वाईट वर्षं होती. पाऊस मधेच दडी मारायचा, बोंडात अळी निघायची, आणि एकेका गावाहून येणाऱ्या बातम्या ऐकून शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी बोलत नसे. बियाण्याची विक्री मात्र वाढत होती, कारण बुडालेलं पीक पुन्हा पेरायचं तर पुन्हा पिशवी लागते. ज्याची पेरणी साधली नाही तो माणूस आधी श्रीकृष्णभाऊंच्या दुकानावर यायचा आणि काउंटरला हात टेकून उभा राहायचा. भाऊ सगळं ऐकून घ्यायचे. कुंदाताई सांगायच्या, की त्या दोन वर्षांत ते घरात जवळजवळ बोलेनासे झाले होते.

हॉटेलचा रंगीत कागद मात्र त्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवला होता. कुंदाताईंनी एकदा विचारलं, इतक्या दूर जायची एवढी हौस काहून? ते म्हणाले, "आठ दिवस मले कोणी वावराचं इचारनार नाही, अशी जागा पाह्यजे."

फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, दुकानाचं शटर वर ढकलताना ते तिथंच बसले आणि उठले नाहीत. वय चोपन्न. शटर अर्धं उघडं होतं, ते कुणीतरी खाली ओढलं.

मार्चअखेर कंपनीचा माणूस आला. कपिल त्याचं नाव. तिशीचा, भला मुलगा. त्याला यादी पुढं पाठवायची होती. तो ओसरीवर चहाचा कप हातात धरून अवघडून बसला आणि म्हणाला, की श्रीकृष्णभाऊंचं नाव काढलं आहे, काकूंचंही काढून टाकतो, फक्त एक सही लागेल. सहीआधी कागद वाचून बघायला म्हणून मलाही बोलावलं होतं. कुंदाताईंची नणंद नलू तेव्हा माहेरीच होती. ती म्हणाली, हे विचारायचं तरी कशाला, काढून टाका. मुलगा मंदार पुण्याला होता, त्यानंही फोनवर तेच सांगितलं होतं.

कुंदाताईंचे सासरे, बापूजी, भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मुलगा गेल्यापासून त्यांनी कुठल्याच गोष्टीत मत दिलं नव्हतं. ते कपिलला म्हणाले, "त्याचं नाव काटलं, थे ठीक हाय. हिचं कायले काटतं?"

 मग त्यांनी सुनेकडं पाहिलं. "कुंदा, तुले जाची इच्छा हाय काय?"

"मालूम नाही, बापूजी."

"मंग जाऊन पाय. घरी बसून तं मालूम होत नाही."

नलू त्याच संध्याकाळच्या बसनं सासरी निघून गेली. गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि बाई परदेशात समुद्रावर निघाली. मलाही ते बरं वाटलं नव्हतं, हे कबूल करते. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्यांना विचारलं, की तुम्ही हो का म्हणालात? त्या म्हणाल्या, "घरात सगळे माह्याशी हळू आवाजात बोलून राह्यलते. मले त्या आवाजाचा कंटाळा आला होता."

मेच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या. नागपूरहून मुंबई, मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून अंताल्या. बरोबर विदर्भातल्या दुकानदारांची अठरा जोडपी होती, सांभाळायला कपिल होता आणि एकोणिसाव्या जोडीतल्या कुंदाताई होत्या. त्यांनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. बसच्या खिडकीतून तो दिसला तेव्हा त्यांना आधी आभाळच वाटलं. मग त्यावर होडी दिसली.

हॉटेलच्या दारातच प्रत्येकाच्या मनगटाला प्लास्टिकची निळी पट्टी बांधली. ती पट्टी असली की काहीही खा, काहीही प्या, कुणी अडवत नाही. पट्टी बांधणाऱ्या मुलीनं कुंदाताईंचा हात हातात घेतला आणि त्यांच्या मनात आलं, की बांगड्या काढल्यापासून या हातात काही चढलंच नव्हतं. पट्टी घट्ट तर नाही ना, असं त्या मुलीनं खुणेनं विचारलं. कुंदाताईंनी मान हलवली आणि पटकन हात मागं घेतला.

खोली दोघांची होती. मोठा पलंग, दोन उशा आणि पलंगावर टॉवेल पिळून केलेले दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले. बाजूला गुलाबाच्या पाकळ्या. कुंदाताई बराच वेळ दाराशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक हंस उचलून कपाटात ठेवला. उरलेला एकटा बरा दिसेना, म्हणून तोही ठेवला. त्या रात्री त्या पलंगाच्या एका कडेला झोपल्या, घरी झोपायच्या तशा.

बरोबरच्या बायका वाईट नव्हत्या. महागावच्या एका दुकानदाराची तरुण बायको वैष्णवी तर मुद्दाम येऊन जवळ बसायची. पण तिच्या नवऱ्याची हाक आली की तिला उठावं लागे. बाकीच्यांना कुंदाताईंशी काय बोलावं ते समजत नसे. हसत असल्या तर त्या जवळ आल्यावर बायका गप्प होत. शेवटी त्यांना एक काम सापडलं. काकू, आमचा फोटो काढता का? एकीनं विचारलं, मग दुसरीनं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या गळ्यात तीन कॅमेरे लटकत होते. पाण्यात पाय बुडवलेली जोडपी, खुर्च्यांवर पसरलेली जोडपी, एकमेकांना आइस्क्रीम भरवणारी जोडपी. कुंदाताई म्हणायच्या, जरा सरका, उन्हाकडं तोंड करा, आणि बटण दाबायच्या. त्या तीन कॅमेऱ्यांतल्या शेकडो फोटोंत त्या स्वतः कुठंच नाहीत.

जेवणाच्या दालनात त्यांची पंचाईत व्हायची. शंभर प्रकारची भांडी मांडलेली, आणि कशात मांस आहे ते कळत नसे. पहिल्याच दिवशी पांढऱ्या मिशांचा एक वाढपी त्यांच्या मागं आला. यूसुफ त्याचं नाव. त्याची कुंदाताईंकडं पाहायची पद्धत अशी होती, की जणू त्या त्याच्याच घरी जेवायला आल्या आहेत. तो एकेका भांड्यावर बोट ठेवून सांगू लागला, "एत योक." यात मांस नाही. त्यानं त्यांना मसुराच्या डाळीचं सूप दिलं, दही दिलं, गरम पाव दिला आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर नेऊन बसवलं. जाताना छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "अबला."

कुंदाताईंचा घास हातातच राहिला. आपल्याला तसं ऐकू आलं असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण संध्याकाळी बागेत पाणी घालणारा माळी त्यांना पाहून तेच म्हणाला. दारावरचा माणूसही दार उघडून धरताना तेच म्हणाला. मग त्यांची खात्री पटली, की कपिलनं इथल्या सगळ्या नोकरांना सांगून ठेवलं आहे, ही बाई विधवा आहे, हिची काळजी घ्या. घाटंजीत लोक निदान पाठीमागं बोलायचे. इथं हसतमुखानं तोंडावर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांनी दालनात जाणं बंद केलं. घरून आणलेला चिवडा आणि दशम्या खोलीत खाल्ल्या. फोटो काढायलाही गेल्या नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या. खाली जलतरण तलाव होता, त्याच्यापलीकडं समुद्र. आपल्या नवऱ्याला ही जागा हवी होती आणि आपण इथं येऊन नेमकं काय करतो आहोत, हे त्यांना कळेना. बापूजींना फोन करावासा वाटला, पण सांगायचं काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली साफ करणारी बाई आली. चाळिशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेला. छातीवरच्या बिल्ल्यावर इंग्रजीत नाव होतं, सुलतान. बाईचं नाव सुलतान असतं याचं कुंदाताईंना नवल वाटलं. सुलताननं चिवड्याची पुडी पाहिली, टेबलावरचे दशमीचे तुकडे पाहिले, कुंदाताईंकडं पाहिलं आणि ती निघून गेली. दहा मिनिटांनी परत आली ती ट्रे घेऊन. पाव, पांढरं चीज, काकडी, काळी छोटी फळं आणि काचेच्या दोन लहान पेल्यांत कोरा चहा. फळ कुंदाताईंनी बोर समजून तोंडात टाकलं, ते ऑलिव्ह होतं, खारट निघालं. त्यांचा चेहरा पाहून सुलतान तोंडावर हात ठेवून हसली.

"चाय," सुलतान म्हणाली.

"चाय," कुंदाताई म्हणाल्या. मग दोघींनी मिळून शब्द शोधायला सुरुवात केली. सुलताननं साबण दाखवून साबून म्हटलं, ते जुळलं. हवा जुळली, दुनिया जुळली. कुंदाताईंनी स्वतःकडं बोट दाखवून दुकान म्हटलं, तर सुलताननं जोरात मान डोलावली. तोही शब्द तिच्याकडं होता. वऱ्हाडी माणसाच्या बोलण्यात असे शब्द पुष्कळ असतात, पण ते इतक्या लांब कामाला येतील असं कुंदाताईंना कधी वाटलं नव्हतं.

मग सुलताननं पलंगावरच्या दुसऱ्या उशीकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

कुंदाताईंना यूसुफच्या तोंडून शिकलेला तेवढाच एक शब्द आठवला, नाही म्हणायचा. "योक," त्या म्हणाल्या.

नवरा गेल्यापासून हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जे भेटायचे त्यांना आधीच ठाऊक असायचं. सुलतान पलंगाच्या कडेवर बसली. पाहुण्यांच्या पलंगावर बसायची तिला परवानगी नसणार, कारण बसताना तिनं दाराकडं पाहिलं होतं. तिनं कुंदाताईंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि चहा निवेपर्यंत तशीच बसून राहिली. कुंदाताई रडल्या. दिवस करताना त्यांना रडू आलं नव्हतं, म्हणून नलू नाराज झाली होती.

सुलताननं खाली जाऊन सांगितलं असावं, कारण दुपारी कपिल दारात उभा. काकू, तुम्ही जेवायला येत नाही म्हणे? कुंदाताईंनी त्याला आत घेतलं आणि सरळ विचारलं, "तू ह्या लोकायले माह्याबद्दल काय सांगतलं?"

काहीच नाही, तो म्हणाला. त्याला खरंच काही समजेना.

"मंग थे मले अबला काहून म्हणतात?"

कपिल स्थानिक गाइडला विचारून परत आला, तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. तो म्हणाला, "काकू, इथं अबला म्हणजे मोठी बहीण. ताई."

 कुंदाताई हसल्या, इतक्या हसल्या की शेजारच्या बाल्कनीतून वैष्णवीनं डोकावून पाहिलं. संध्याकाळी त्या दालनात गेल्या. खिडकीजवळचं छोटं टेबल रिकामं होतं आणि त्यावर राखीव असल्याची पाटी होती. यूसुफनं ते दोन दिवस अडवून ठेवलं होतं. आपल्या डाळीत काही चुकलं का, असं त्यानं कपिलमार्फत विचारलं. कुंदाताईंनी निरोप दिला, की डाळीचं काही चुकलं नाही, माझ्या कानाचं चुकलं. यूसुफला ते कितपत समजलं कोण जाणे, पण त्यानं दोन वाट्या सूप आणून ठेवलं.

चौथ्या दिवशी सुलतान आपल्या सुट्टीच्या वेळेत चहाचे दोन पेले घेऊन आली. कंपनीनं सगळ्यांना टोप्या दिल्या होत्या, त्यावर फुटलेल्या बोंडाचं चित्र होतं. कुंदाताईंची टोपी खुर्चीवर पडली होती. सुलताननं ती उचलली आणि म्हणाली, "पामुक." मग तिनं हवेतच कापूस वेचून दाखवला. तीन बोटांनी ओढायचा, मुठीत धरायचा, कमरेच्या ओटीत टाकायचा. कुंदाताईंचं माहेर महागावजवळच्या खेड्यातलं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनीही वेचणी केली होती. त्यांनी आपली पद्धत दाखवली. अगदी तीच होती. सुलताननं नखांभोवतीचे जुने पांढरे व्रण दाखवले. वाळलेल्या बोंडाचं टोक कुठं टोचतं ते कुंदाताईंना सांगावं लागलं नाही.

खुणांनी आणि तोडक्या शब्दांनी सुलताननं सांगितलं, की तिचं गाव खूप दूर, पूर्वेला आहे. हंगामात सगळं घर तंबू घेऊन कापसाच्या मुलखात जायचं. आता भाऊ जातात, ती इथं येते. दोन मुली आहेत, त्या आजीकडं असतात. हॉटेल नोव्हेंबरात बंद होतं तेव्हा भेटतात. तिनं बोटांवर महिने मोजले, सहा झाले. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं पामुक कसा आहे? चांगला?

कुंदाताईंनी मान हलवली. चांगला नाही. पुढं बरंच सांगण्यासारखं होतं, पण त्याला शब्द नव्हते. मराठीतही त्यांना ते कधी सांगता आलं नसतं, असं त्या मला म्हणाल्या. सुलताननंही पुढं विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी कंपनीचा समारंभ होता. मोठे साहेब दिल्लीहून आले होते, मूळचे मराठीच. एकेका दुकानदाराचं नाव पुकारलं जाई, जोडपं मंचावर जाई, साहेब त्यांच्या हातात पितळी बोंड देत आणि फोटो निघे. यादी कुणी नीट दुरुस्त केली नव्हती. साहेबांनी वाचलं, श्रीकृष्ण गावंडे आणि सौभाग्यवती गावंडे.  कपिल धावत मंचाकडं निघाला, पण तोवर कुंदाताई उठल्या होत्या. त्या एकट्या वर गेल्या. साहेबांनी हसून विचारलं, गावंडेसाहेब कुठं राहिले?

माइक तिथंच होता. कुंदाताई म्हणाल्या, "ते फेब्रुवारीत वारले. विकलं त्यांनी, मी नुसती आली."

साहेबांनी हात जोडले.  खाली बसलेल्या जोडप्यांनी माना खाली घातल्या. टाळ्या वाजल्या त्या भिंतीलगत उभ्या असलेल्या वाढप्यांच्या. प्रत्येक जोडीला ते टाळ्या वाजवत होते, तशाच यांनाही वाजवल्या, कारण त्यांना मराठीतलं काहीच समजलं नव्हतं. पितळी बोंड घेऊन कुंदाताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. वैष्णवीनं नवऱ्याशेजारची खुर्ची सोडली आणि ती त्यांच्याजवळ येऊन बसली. जेवण होईपर्यंत हलली नाही.

निघायच्या सकाळी त्यांनी सुलतानला शोधलं. ती वरच्या मजल्यावर जिन्यापाशी चादरी मोजत होती. कुंदाताईंच्या बॅगेत एक चोळीचा खण होता. कुणाकडं जाणं झालं तर रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून त्या सवयीनं बरोबर ठेवायच्या. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. ओटी भरायला तर नाहीच. तिथं जिन्यात उभं राहून त्यांना क्षणभर वाटलं, की हे आपण करू नये, कुणी पाहिलं तर? मग त्यांच्या लक्षात आलं, की इथं पाहणारं कुणी नाही, आणि जी पाहते आहे तिला ही रीत ठाऊक नाही. तांदूळ नव्हते. दालनातून घेतलेले पाच खजूर होते. त्यांनी सुलतानला एप्रनचा घोळ पुढं धरायला लावला, त्यात खण आणि खजूर घातले आणि तिच्या कपाळाला बोट लावलं. सुलतान गंभीरपणे उभी राहिली. मग तिनं एप्रनची गाठ मारली आणि कुंदाताईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

पुढच्या वर्षी कुंदाताईंनी माझ्याकडून हॉटेलच्या पत्त्यावर इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. सुलतान त्या वर्षी तिथं आली होती की नाही, कोण जाणे.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि दुकानाचा परवाना आपल्या नावावर करायचा अर्ज भरून घेतला. नलूनं पुन्हा अबोला धरला. मंदारनं पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला. यवतमाळच्या ऑफिसात त्यांना चार वेळा जावं लागलं, पण परवाना झाला. पुढं बारा वर्षं त्यांनी ते दुकान चालवलं. कंपनीच्या यादीत त्यांचं नाव पुन्हा कधी आलं नाही, कारण हलकी जमीन असलेल्याला त्या महागडी पिशवी घेऊ नको म्हणायच्या. परवाना झाल्यावर दोन वर्षांनी बापूजी गेले. त्यानंतर घरात त्या एकट्याच.

दुकान उघडलं तो पहिला दिवस मला आठवतो. जूनचा शेवटचा आठवडा, पाऊस नव्हता. मी शाळेतून येताना थांबले. श्रीकृष्णभाऊंच्या खुर्चीत न बसता कुंदाताईंनी घरातलं स्टूल आणून ठेवलं होतं. सकाळपासून कुणीच आलं नव्हतं. मग तांड्यावरचा धावजी आला, पायरीवरच थांबला आणि आत भाऊंना शोधल्यासारखं पाहू लागला. ते नाहीत हे त्याला ठाऊक होतं. बाईकडून बियाणं घ्यावं की नाही, याचा तो विचार करत असावा.

कुंदाताईंनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "वावर कसं हाय, धावजीभाऊ? सांग."

तो बसला. हळूहळू सांगायला लागला. वरचा तुकडा मुरमाड, खालचा बरा, गेल्या साली काय झालं, त्याच्या आधी काय झालं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. तासाभरानं तो उठला, विचार करून येतो म्हणाला आणि काही न घेता गेला. मीही घरी आले. त्या दिवशी दुसरं कुणी आलं नाही. शटर मात्र त्यांनी दिवे लागेपर्यंत उघडं ठेवलं होतं.